रोज सकाळी एक ड्रॉपर

ता. ९ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अ. उ. आ. त्यातले निम्मे तुझ्या लेकीच्या, मुंगीच्या वाट्याला काढून ठेव. तू आता मोठी झालीस, तुला थोडक्यात भागवता आलं पाहिजे.

पार्सल मिळालं असेल. उघडताना नेहमीसारखी सुरी खुपसू नकोस, आत दोन झबली आहेत. त्यांच्या घडीत तीन बाटल्या ठेवल्या आहेत मुंगीच्या व्हिटॅमिन डीच्या. बाटल्या बघून म्हणशील, ताईनं यंदा हात आखडता घेतला. तसं नाही गं. आपली नेहमीची ती मोठी बाटली यायची बंद झाली आणि तिच्या जागी ही अंगठ्याएवढी आली. औषधाच्या दुकानातल्या आमच्या मालकांना विचारलं तर म्हणाले, बाई, हल्ली साबणाची वडीसुद्धा आक्रसते आहे, औषधाचं काय घेऊन बसलात. लबाडपणा, दुसरं काय! म्हणून महिन्याला एकाऐवजी तीन पाठवत जाईन.

बाटलीवर नेहमीप्रमाणे माझी चिठ्ठी डकवली आहे. कंपनीच्या छापील अक्षरांना भिंग लागतं, आणि तू काजं करून करून डोळ्यांची पार वाट लावून घेतली आहेस. माझं अक्षर तुला अंधारातही वाचता येईल: 'रोज सकाळी एक ड्रॉपर भरून'. मागच्या रविवारी एका बैठकीत अशा साठ चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. बाबा पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची नावं अशीच एकदम लिहायचे, आठवतं ना? एकदा हात बसला की अक्षर हलत नाही, म्हणायचे. आमच्या गल्लीतल्या सहा घरांतल्या बाळांच्या बाटल्यांनाही मीच चिठ्ठी लावून देते. दुकानाच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं खोकी भरणाऱ्या बाईला एवढा तरी मान असू दे.

एक दिवसही चुकवू नकोस. तुझी खोली तळमजल्याची, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, ऊन म्हणून तुझ्याकडे पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेता जातं. मी या बाबतीत का एवढी खमकी आहे ते तुला सांगायला नको. आईबाबांचं बाइंडिंगचं काम तळघरात होतं तेव्हा मी जन्मले आणि सहा वर्षं तिथेच कागदांच्या गठ्ठ्यांवर वाढले. माझे पाय धनुष्यासारखे वाकले तेव्हा कुठे कुणाच्या लक्षात आलं. चौदाव्या वर्षी दोन्ही पायांची हाडं तोडून सरळ केली, अकरा आठवडे प्लास्टर. तू वरच्या खोलीत जन्मलीस, खिडकीच्या खोलीत. तुझ्या सरळ पायांचा मला हेवा वाटायचा, आता सांगायला हरकत नाही. मुंगीचे पाय मात्र मी वाकू देणार नाही.

मेहुण्यांना नमस्कार सांग. लोभ वाढवलास तर माझी ना नाही.
तुझी,
ताई


ता. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,
ठकूचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं आणि सुरीच खुपसली. झबलं वाचलं, तुझी चिठ्ठी तेवढी मधोमध फाटली. म्हणजे तुझ्या उपदेशाचे दोन तुकडे झाले आणि मला दोनदा वाचावा लागला.

मुंगीला सातवा सरून आठवा लागला. गालावर बोट ठेवलं की आत रुततं. यांचा स्क्रू-ड्रायव्हर चोखायला मागते. हे डेपोतून आले की दारातच हात धुवायला लावते मी, तरी बसच्या ऑइलचा वास जातच नाही; आणि कार्टीला तोच वास प्रिय. आईपेक्षा बाप लाडका, रिवाजच आहे. काल बसल्या बसल्या उभं राहायला धडपडली आणि शिवायच्या मशीनच्या पायट्यावर नाक आपटून घेतलं. रडली थोडी, रागावली जास्त. अगदी तुझ्यावर गेली आहे.

थेंब रोज न चुकता देते. तू तिकडून शेळ्या हाकतेस आणि मी इकडे मुकाट्यानं चालते, लहानपणापासूनची सवय. ड्रॉपर काठोकाठ भरते, वर एक थेंब लोंबत असतो तोही तिच्या ओठावर झटकते. ही नवी बाटली गोड असावी, कारण ड्रॉपर दिसला की तोंडाचा आ होतो. वाया एक थेंब जात नाही, तेव्हा काळजी नसावी. पुढच्या तीन लवकर पाठव.

शाळेचे गणवेश आलेत, चारशे शर्टांची काजं या महिन्यात. त्यामुळे पत्र आखूड. माया मात्र आखडू नये ही विनंती.
तुझी,
ठकू


ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करावा असं चारदा वाटलं, पण आपण दोघी फोनवर बोललो की मी रडते, तू ओरडतेस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहिते.

मुंगीचं काही खरं दिसत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जेवण कमी झालं. आधी वाटलं दात येतायत. पण आता चमचा दिसला की मान फिरवते. पोट चार चार दिवस साफ होत नाही, आणि होतं तेव्हा किंचाळते. पाणी मात्र हपापल्यासारखं पिते आणि दुपटी भिजवते, दिवसाला पंधरा दुपटी धुते मी. वजन महिनाभर आहे तिथेच. उभं राहायची धडपड तर बंदच झाली. पायांवर ठेवलं की पाय कापडासारखे दुमडतात. गोधडीवर पडून छताकडे बघत राहते, आणि ताई, ती रागवत नाही गं. परवा नाक पुसताना मी जोरात पुसलं तरी तिनं काही केलं नाही.

हे म्हणतात, थंडीचे दिवस आहेत, होईल ठीक. मला धीर धरवत नाही. तुझ्या पायांचं असंच सुरू झालं होतं का? आईला कधी विचारलं होतंस का? मला सविस्तर लिही.

थेंब चालूच आहेत. एक दिवस चुकलेला नाही.
वाट बघणारी,
ठकू


ता. ११ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि यावेळी सगळे मुंगीला.

तुझं पत्र वाचून दुकानात खोक्यावरच बसले. पाय दुमडतात हे वाचलं आणि माझ्याच गुडघ्यांत कळ आली. आई सांगायची, मीही अशीच होते. खाणं नाही, अंग ढिलं, उभी केली की खाली बसायची. म्हणजे हाडांचंच आहे. तुमच्या त्या खोलीत सूर्य कधी येत नाही, त्याला एक ड्रॉपर कुठवर पुरणार? मला वाटतं, मात्रा कमी पडते आहे.

पण ठकू, मी डॉक्टर नाही. मी खोकी भरणारी बाई आहे. तेव्हा माझ्या शब्दावर काही करू नकोस. पहिल्यांदा तिला तुमच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे ने. जाताना बाटली बरोबर ने. टेबलावर ठेव आणि सांग, हे रोज एक ड्रॉपर चालू आहे, वाढवायचं का? ते हो म्हणाले तर वाढव, नाही म्हणाले तर गप्प बस. बाटली दाखवल्याशिवाय परत येऊ नकोस. दुकानात रोज बघते, लोक डॉक्टरांना गोळ्या सांगतात आणि टॉनिकं सांगायची विसरतात. टॉनिक म्हणजे जसं काही शेजारणीनं दिलेलं लोणचं.

लगेच जा. शर्टांची काजं राहू देत, पोरं चार दिवस बटणं उघडी टाकून फिरतील.
काळजीत,
ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन तास बाकावर बसले, मुंगी मांडीवर झोपूनच होती. आता ओकाऱ्याही सुरू झाल्या आहेत म्हणून आणखी थांबायचं धाडस झालं नाही.

त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, जीभ पाहिली. म्हणाले, पोटाचा बिघाड आहे, साथ चालू आहे. ओकारीचं एक औषध आणि पोट साफ व्हायला एक पातळ औषध दिलं. दहा दिवसांनी परत बोलावलं आहे.

बाटली दाखवली. त्यांनी पाहिली आणि चालू द्या म्हणाले. वाढवायचं विचारलं तर त्यालाही काही हरकत घेतली नाही. तेव्हा तू म्हणालीस तसं वाढवून संध्याकाळीही एक सुरू करू ना? मला तर वाटतं आजपासूनच करावं.

हे दोन दिवस रजेवर राहिले. मुंगीपुढे स्क्रू-ड्रायव्हर धरून बसले होते. तिनं हात पुढे केला नाही.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. मायेत कमी करू नकोस.
ठकू


ता. २४ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

डॉक्टरांनी बाटली पाहून होकार दिला, आता माझ्या जिवात जीव आला. त्यांनी ना म्हटलं असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. संध्याकाळचा ड्रॉपर सुरू कर. सोबत कॅल्शियमचं सरबत पाठवते आहे, दिवसातून अर्धा चमचा. हाडाला दोन्ही लागतात, भिंतीला विटाही हव्यात आणि चुनाही. दूध जाईल तेवढं पाज. ओकली तर थोड्या वेळानं पुन्हा पाज.

सहा बाटल्या ठेवल्या आहेत. चिठ्ठ्या संपल्या होत्या, परत बसून शंभर लिहिल्या.

खचू नकोस. मी उभी राहिले ना शेवटी, आणि चांगली चालते. फेंगडी का होईना. मुंगीला तर आपण वेळेत धरलं आहे.
तुझी,
ताई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

परवा दुकानात फोन केला तेव्हा दोनच मिनिटं बोलता आलं, आणि मी जे बोललो ते बोलायला नको होतं. आता नीट लिहितो, कारण ठकू लिहू शकत नाही. ती मुंगीच्या खाटेला चिकटून बसली आहे.

मुंगी पाच दिवस मोठ्या रुग्णालयात आहे. मंगळवारी सकाळी हाक मारली तर डोळे उघडेना. ओठ सुकलेले, अंग भाजीच्या देठासारखं लोंबलेलं. डेपोतल्या गाडीतूनच नेली. तिथे रक्त काढलं. रक्तात कॅल्शियम इतकं की तपासणाऱ्याला चूक वाटली, म्हणून दुसऱ्यांदा काढलं. तेवढंच आलं.

तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी मला सांगितलं, घरी जा आणि पोरीच्या तोंडात जे जे जातं ते सगळं घेऊन या, पाण्याच्या भांड्यासकट. मी फळीवरचं सगळं पिशवीत ओतून नेलं. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. तुमची बाटली हातात घेतली, तुमची चिठ्ठी वाचली, मग नखानं तिचा कोपरा उचलून पाहिला. खाली छापील काहीतरी होतं. वाटीत गरम पाणी घेतलं आणि बाटली त्यात बुडवून ठेवली. चिठ्ठी सुटून वर आली. तुमची खळ चांगली असते, पाच मिनिटं लागली.

खाली लिहिलं होतं, रोज एक थेंब. ड्रॉपर नाही ताई, थेंब. जुन्या मोठ्या बाटलीत एका ड्रॉपरमध्ये जेवढं असायचं, तेवढं या छोट्या बाटलीच्या एका थेंबात आहे. एका ड्रॉपरमध्ये तीस थेंब बसतात, मी स्वतः मोजले. म्हणजे ऑक्टोबरपासून तीस दिवसांचं एका दिवसात गेलं, आणि शेवटचे दोन आठवडे रोज साठ दिवसांचं. त्यावर कॅल्शियम, त्यावर दूध. बाई म्हणाल्या, न खाणं, पोट घट्ट होणं, ओकाऱ्या, तहान, ढिलेपणा, हे सगळं त्या जास्तीच्या औषधाचंच होतं. आम्ही तेच औषध वाढवत गेलो.

सलाइन चालू आहे. कॅल्शियम उतरवायची औषधं चालू आहेत. एक थेंब दूध नाही. मूत्रपिंडांचा फोटो काढला आहे. त्यात काय दिसलं ते मला आत्ता लिहवत नाही.

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ठकूनं त्यांना बाटली दाखवली होती आणि त्यांनी चालू द्या म्हटलं होतं. आता म्हणतात, मी बाटली पाहिलीच नाही. चाळीस वर्षांच्या त्यांच्या दवाखान्यात, भरल्या बाकांपुढे, मी त्यांना खोटारडे म्हणून आलो. मला दया आली नाही.

तुमच्याबद्दल काय वाटतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही येऊ नका, निदान आत्ता नको.
आपला,
ठकूचा नवरा


ता. २१ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. माझे आशीर्वाद काय गुणाचे आहेत ते दिसलंच.

मेहुण्यांचं पत्र दुकानात पोचलं. मी वाचून मालकांपुढे ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन नवी बाटली उचलली. माझ्याकडे भिंग आहे ठकू. बावीस वर्षं ते माझ्या खिशात आहे. मी तुझ्यासाठी कंपनीची अक्षरं झाकत होते, पण स्वतः एकदा वाचली नाहीत. बाटली लहान झाली तेव्हा मी कंपनीला लबाड म्हटलं. लहान का झाली हे मात्र विचारलं नाही. चिठ्ठ्या आधीच लिहून तयार होत्या ना, मग बाटलीवर काय आहे ते कोण बघतो! बाबा नावं आधी लिहायचे, पण पुस्तकाच्या पाठीवर चिकटवताना पहिलं पान उघडून ताडून बघायचे. मी त्यांचं अक्षर घेतलं, ताडून बघणं घेतलं नाही.

त्याच दिवशी सहा घरी गेले. आधी पाचांकडे गेले. त्यातल्या दोघींनी बाटल्या उघडल्याच नव्हत्या, एकीचं बाळ आजोळी होतं, दोघी आठवड्यातून आठवण झाली तर द्यायच्या. आळशी आया, म्हणायचे मी त्यांना. त्यांच्या आळसानं त्यांची बाळं वाचली, आणि तुझ्या आज्ञाधारकपणानं आपली गेली असती. सहावी माझ्याच जिन्यावर राहते. तिचं बाळ सव्वा वर्षाचं, रोज देत होती, पण अर्धाच ड्रॉपर, कारण ते थुंकून टाकायचं. त्याचं रक्त तपासलं. आकडा चढलेला आहे, पण डॉक्टर म्हणाले, उतरेल. तिनं मला दारात उभं ठेवून जे ऐकवलं ते सगळं बरोबर होतं.

मालकांनी कामावरून काढलं नाही. मीच सोडलं.

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांनी बाटली पाहिली म्हणजे माझी चिठ्ठीच पाहिली, आणि तिच्याखालचं त्यांना कसं दिसणार? माझ्या ठसठशीत अक्षरानं एका डॉक्टरालाही फसवलं. आता ते पाहिलंच नाही म्हणतात, तर वय झालं आहे, घाबरले असतील. मेहुण्यांना सांग, जो काही राग आहे तो इकडे पाठवा.

मला एकच ओळ लिही. मुंगी कशी आहे, एवढीच.
ताई


ता. १० मार्च

चि. ठकूस,

तुझं पत्र नाही, तुझं बरोबर आहे. मेहुण्यांनी एका ओळीत कळवलं की मुंगी शुद्धीवर आहे आणि चमच्यानं पाणी घेते. ती ओळ मी उशीखाली ठेवली आहे.

मी इतकंच कळवायला लिहिते की यापुढे मी तुमच्या घरी येणार नाही, आणि मुंगीला कधी हात लावणार नाही. तू बोलावलंस तरी. हा राग नाही, मी कानाला खडा लावून घेतला आहे. मी तिच्यावर इतकं प्रेम केलं नसतं तर ती आज मशीनचा पायटा धरून उभी असती. जिच्या मायेनं पोर मरायला टेकतं, त्या बाईनं लांबच राहावं.

उत्तर देऊ नकोस.
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
तुझ्या धाकटीचा सा. न. वि. वि. यात विशेष आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच, मधे टाकू नकोस.

मुंगी शनिवारी घरी आली. हलकी झाली आहे, उचलली की हात चुकल्यासारखा वर जातो. पण काल तिनं माझी वेणी ओढली आणि सोडेना, तेव्हा मी रडले. दूध अजून बंद आहे, दही, चीज, सगळं बंद. डॉक्टर बाई म्हणाल्या, ते औषध चरबीत मुरून बसलं आहे, महिनेच्या महिने झिरपत राहील. खिडकीला जाड पडदा लावायला सांगितला आहे. तुझ्या भाचीला आता उन्हापासून जपायचं आहे, आणि तेही या खोलीत. मूत्रपिंडांच्या फोटोत पांढरे ठिपके आहेत, दोन्हींत. कॅल्शियम साचलं आहे. विरघळेल का विचारलं. त्यांनी नाही असं म्हटलं नाही, हो असंही म्हटलं नाही. दर तीन महिन्यांनी तपासायचं, ती मोठी होईपर्यंत. कदाचित आयुष्यभर. मूत्रपिंडांची जेवढी ताकद उरली आहे तेवढ्यावर तिला निभवावं लागेल, असे त्यांचे शब्द.

त्या हेही म्हणाल्या की बाळांना हे औषध लागतं, त्यात चूक काही नव्हतं. मुंगी जन्मली तेव्हा नर्सनं सांगितलेली जुनी मात्रा, मोठ्या बाटलीचा एक ड्रॉपर, अगदी बरोबर होती. हे तुला कळावं म्हणून लिहिते. तू मूर्खपणा केला नव्हतास. तू न वाचता चिठ्ठी लावलीस, तेवढा तुझा वाटा. तो तुझाच आहे, मी तो पुसत नाही. मला तुझा राग आला होता, अजूनही अधूनमधून येतो, दुपटी धुताना येतो.

आता माझा वाटा.

अठरा जानेवारीला मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा बाटली माझ्या पिशवीत होती. तू बजावलं होतंस, टेबलावर ठेव. दोन तास बाकावर बसले होते. माझ्या आधीच्या बाईनं घरून आणलेलं कसलंसं चूर्ण काढलं, पुडीवर हातानं लिहिलेलं. डॉक्टर तिच्यावर चिडले असं नाही, नुसते हसले. म्हणाले, हे कुठल्या वैद्यराजांचं अक्षर? बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, ताई.

मग माझी पाळी आली. त्यांनी मुंगीला तपासलं आणि नीट विचारलं, कुठलं टॉनिक, थेंब, काही चालू आहे का? अगदी याच शब्दांत. माझा हात पिशवीत होता, बाटली बोटांना लागत होती. तिच्यावर तुझी चिठ्ठी होती, खळीनं डकवलेली, शाईची. बाकावर अजून माणसं होती. मला लाज वाटली. तुझ्या अक्षराची लाज वाटली, जे मी आयुष्यभर मिरवलं. मी म्हटलं, नाही, काही नाही.

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पोटाचा बिघाड ठरवला. आणि मी तुला लिहिलं की बाटली दाखवली, ते चालू द्या म्हणाले. तू पुन्हा रागावशील म्हणून खोटं लिहिलं, आणि मनात म्हटलं, एवढ्याशा थेंबांनी काय होणार आहे. तुला होकार मिळाला तो माझ्याकडून. मग दुसरा ड्रॉपर, मग कॅल्शियम. तिला नेलं तोवर तीन आठवडे गेले. तरुण डॉक्टर बाईंना विचारलं, तीन आठवडे आधी थांबलं असतं तर? त्या म्हणाल्या, ठिपके कदाचित नसते. मी कुणासाठी विचारते आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

तू काम सोडलंस, सहा दारांत उभी राहिलीस, कानाला खडा लावून घेतलास, आणि मी सगळं वाचत गप्प बसले. सोयीचं होतं मला ते. हे तुझ्यावर रागावलेले होते, म्हणजे माझ्यावर नव्हते. ते म्हातारे डॉक्टर खरं बोलत होते आणि यांनी त्यांना चारचौघांत खोटारडं म्हटलं. लोक आता त्यांच्याकडे जात नाहीत असं ऐकते. ते दवाखान्याला कुलूप लावायच्या बेतात आहेत.

यांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज लिहिला आहे. उद्या द्यायचा आहे. मशीनवर ठेवला आहे, मी तो तिसऱ्यांदा वाचला. खाली यांची सही झाली आहे. शेजारी, बाटली दाखवणारी आई म्हणून, माझ्या सहीसाठी जागा सोडली आहे.

हे आतल्या बाजूला मुंगीला थोपटत आहेत. मी हे पत्र आधी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते आणि मग त्यांच्यासमोर बसते. उलट क्रमानं करणार नाही, मी स्वतःला ओळखते. ते विचारतील, दाखवली होतीस ना? आणि मी पुन्हा भलतंच सांगेन.

माझ्यावर लोभ असू दे असं म्हणायचा हक्क मी पिशवीत हात घातला तेव्हाच घालवला. तरी मागते. तू ये. तुझी चूक माझ्या घरी राहू दे, माझीही इथेच आहे.
ठकू